मनीची नखे आणि सोफ्याचा कोपरा

प्रश्न : आमची मनी दीड वर्षाची आहे. दिवाळीत घेतलेल्या सोफ्याचा उजवा कोपरा तिने ओरबाडून पार उसवला आहे. ओरडून झाले, पाणी शिंपडून झाले. नखे ओरबाडण्यासाठी विकत आणलेला खांब गॅलरीत ठेवला, पण ती त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. एका नातेवाइकांनी शस्त्रक्रिया करून नखेच काढून टाकण्याचे सुचवले आहे. तसे करावे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कृपया करू नका. मांजरीचे नख बोटाच्या शेवटच्या हाडाला धरूनच वाढते, त्यामुळे ते कायमचे काढायचे म्हणजे ते हाडच सांध्यापासून कापावे लागते. आपले प्रत्येक बोट शेवटच्या पेरापाशी तोडावे, तसेच हे आहे. मांजर बोटांवर भार देऊन चालते. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर तिला दीर्घकाळ वेदना होऊ शकतात, काही मांजरी शौचाच्या मातीच्या पेटीत पाय ठेवायला कचरतात, तर काही चावू लागतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये अशा शस्त्रक्रियेवर, वैद्यकीय गरजेचा अपवाद ठेवून, बंदी घातली.

मनी खोडसाळपणा करत नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. सोफ्याच्या पायाशी नीट पाहिलेत, तर कोयरीसारखी वाकलेली, पोकळ, पारदर्शक टरफले सापडतील. ते तुटलेले नख नव्हे. नखावरचे जुने आवरण ओरबाडताना गळून पडते आणि खालचे नवे, टोकदार नख मोकळे होते. शिवाय पंजांतील ग्रंथींचा गंध त्या जागेवर उतरतो, आणि झोपेतून उठल्यावर पाठ व खांदे ताणण्याची सोयही होते. गंधाची खूण घराच्या कडेला नव्हे, तर माणसे वावरतात त्या खोलीत करायची असते, म्हणूनच तुमचा गॅलरीतला खांब कोरा राहिला आहे.

तो खांब आजच सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला लागून ठेवा. मनी मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढी, म्हणजे साधारण अडीच-तीन फूट उंची त्याला हवी, आणि बुड इतके जड हवे की तिने जोर लावला तरी तो डगमगणार नाही. एकदा अंगावर कललेल्या खांबाकडे मांजर सहसा पुन्हा फिरकत नाही. जाड लाकडी खांबावर घायपाताचा दोर घट्ट गुंडाळून तो घरीही करता येतो, आणि काही मांजरींना जमिनीवर अंथरलेले साधे गोणपाटच अधिक आवडते. सोफ्याच्या कोपऱ्यावर काही आठवडे दुहेरी चिकटपट्टी लावावी, कारण पंजाला चिकटणारा पृष्ठभाग मांजरींना नकोसा वाटतो. खांब वापरताच लगेच खाऊ द्यावा. सवय पक्की झाल्यावर खांब रोज वीतभर सरकवत सोयीच्या जागी नेता येईल. ओरडणे मात्र थांबवावे. त्यातून ती एवढेच शिकते की तुम्ही घरात नसताना ओरबाडावे.

प्रश्न : आमचा बोका चौदा वर्षांचा आहे. हल्ली त्याची नखे फरशीवर वाजतात. ती कापावीत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, अवश्य कापावीत. म्हातारपणी ओरबाडणे कमी झाले की आवरणे गळत नाहीत, नख जाड होऊन वळते आणि प्रसंगी तळव्याच्या गादीत रुतते. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखे दर आठवड्याला पाहावीत. त्यातही पुढच्या पायाचे आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे नख आधी पाहावे.

जेवून तो पेंगत असताना मांडीवर घ्यावे, बोट वरून आणि खालून हलकेच दाबावे, म्हणजे नख बाहेर येते. उजेडात धरले की आत गुलाबी जिव्हाळी दिसते. तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी अंतर राखून केवळ वाकडे टोक मांजरांच्या धारदार नखकात्रीने कापावे. आज दोनच नखे झाली तरी पुरे, कारण धरून ठेवून अठरा नखे उरकली, तर पुढच्या वेळी तो कात्री पाहूनच पलंगाखाली जाईल. चुकून रक्त आलेच, तर कॉर्नफ्लॉवर लावून काही मिनिटे दाबून धरावे. नख गादीत आधीच रुतले असेल, तर घरी ओढू नये. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.