आधी मीठ, मग गर्जना

प्रश्न : आमचा हौशी गट आर्थर मिलरच्या 'द क्रुसिबल'च्या तालमी करतोय. नायक जॉन प्रॉक्टर घरच्या मोलकरणीशी, ॲबिगेलशी, लफडं केलेला. अशा माणसाच्या बाजूने आमचे प्रेक्षक उभे राहतील का? ते प्रकरण जरा सौम्य करू का? शिवाय आमचा नट पहिल्या प्रवेशापासून गर्जतोच आहे.
– एक दिग्दर्शिका, चोपडा

उत्तर : ताई, ते सौम्य केलंत तर उरेल काय? अमेरिकेतल्या सेलम गावी 1692 साली चेटकाच्या आरोपावरून 19 जण फासावर गेले, एकाला दगडांखाली चिरडलं. हा झाला इतिहास. लफडं मात्र मिलरच्या पदरचं. खरा प्रॉक्टर साठीच्या घरातला, ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची पोर. मिलरने त्याचं वय उतरवलं, तिचं चढवलं, ते उगाच नाही.

नटाला म्हणावं, दुसऱ्या अंकाची सुरुवात बघ. शेतातून आलेला प्रॉक्टर चुलीवरच्या सशाच्या रश्शाची चव घेतो, पसंत पडत नाही, गुपचूप मीठ टाकतो. बायकोने वाढल्यावर म्हणतो, छान झालंय! आपल्याकडे शेवभाजी अळणी झाली तर नवरा ताट सरकवून मोकळा होतो. हा कौतुक करतो, कारण अपराधी आहे. तिथे घाई करू नका.

पुढे पाद्री हेल त्याला बायबलमधल्या दहा आज्ञा म्हणायला लावतो. प्रॉक्टर नऊवर अडतो. राहिलेली, व्यभिचाराची, बायको हळूच सांगते. आपल्या प्रेक्षकांना या आज्ञा पाठ नसतात, म्हणून त्याला बोटं मोजू द्या. उरलेलं एक बोट शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे.

कोर्टात तर ॲबिगेलचे चेटकाचे आरोप खोटे पाडायला तो स्वतःची अब्रू स्वतःच चव्हाट्यावर आणतो. वर छातीठोक सांगतो, माझी बायको खोटं बोलत नाही. तिला बोलावतात तेव्हा न्यायाधीश त्याला पाठ फिरवून उभा करतो. ती त्याला वाचवायला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलते, लफडं नाकारते, आणि सगळं हातचं जातं. तुमच्या गर्जणाऱ्या नटाला इथे नुसत्या पाठीने काम करायचंय. जमतंय का बघा.

एक शब्दाचं. 'चेटकीण' म्हटलं की पोरांची गोष्ट वाटते. तुमच्या डोक्यावर सातपुडा आहे, 'डाकीण' म्हणा. सभागृह आपोआप गप्प होईल.

शेवटी जीव वाचवायला तो चेटकाच्या खोट्या कबुलीजबाबावर सही करतो, पण इतरांची नावं देत नाही, आणि कागद हातचा सोडत नाही; फाडतो आणि फासावर जातो. नाटक 1953 चं. 1956 मध्ये खुद्द मिलरला अमेरिकी संसदेच्या समितीने कम्युनिस्टांच्या बैठकांना आलेल्यांची नावं विचारली, त्याने दिली नाहीत. 1957 मध्ये संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरला, 1958 मध्ये अपिलात सुटला. म्हणजे आधी लिहिलं, मग भोगलं!

तो कागद मात्र पातळ घ्या. आम्ही भुसावळला हा प्रवेश केला तेव्हा रुबाबदार दिसावा म्हणून मी ड्रॉइंगचा जाड कागद आणला, वर गुंडाळी करून फीत बांधली. प्रॉक्टर ओढतोय, कागद फाटेना. मागून आवाज आला, "दात लाव, भो!" फासावर निघालेला नायक आणि हसून लोटपोट झालेलं थिएटर. तेव्हापासून रोजच्या तालमीत मी वहीची रद्दी फाडायला देतो.