कुत्रा सतत खाजवतो, शेपटीजवळचे केस गळतात. ही ॲलर्जी आहे का?

आपण सांगितलेली लक्षणे पिसवांच्या ॲलर्जीशी जुळतात. अशा कुत्र्याला थोड्या पिसवा चावल्या तरी शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर असह्य खाज सुटते. तरीही खरूज आणि बुरशी यांची शक्यता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी तपासून घ्यावी. पिसवांचे औषध कुत्र्याच्या वजनानुसार डॉक्टरांकडूनच घ्यावे आणि त्याची झोपण्याची जागा, गोणपाटासह, स्वच्छ ठेवावी. कपाशीवर फवारायचे कीटकनाशक त्याच्या अंगाला लावण्याचा प्रकार आपल्याकडे होतो. त्याने विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो, म्हणून कळकळीने सांगतो, ते कदापि करू नये. पिसवा जाऊनही खाज राहिल्यास खाण्याची ॲलर्जी आहे का, ते आहार बदलून तपासावे लागते, त्याला साधारण 8 आठवडे लागतात. तोंड सुजले किंवा धाप लागली, तर तात्काळ दवाखाना गाठावा.