पदकं तिची, बेत तुमचा

ताई, नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. मुलगी बी.कॉम. झाली, ५८ टक्के. पाचवीपासून योगासन स्पर्धा, राज्य पातळीवरची दोन पदकं. बँकेच्या परीक्षेत दोनदा पूर्वपरीक्षेलाच गाडी अडली. आता तिला ऋषिकेशला २५ दिवसांच्या योगशिक्षक कोर्सला पाठवायचं ठरलंय आणि वीस हजार आगाऊ भरूनही झालेत. पुढे जमलं तर परदेश, नाहीतर लग्नानंतर घरबसल्या क्लास. फी, प्रमाणपत्र, परदेशातली मागणी असं सगळं तुम्ही सविस्तर विचारलंय.

मी मात्र तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी थांबलो. ‘दोन वर्षांपासून सराव सोडलाय, कंबर दुखते म्हणते, पण ती सबबी सांगण्यात पटाईत आहे.’

सबब आहे हे कुणी ठरवलं? पत्रात डॉक्टरांचा कुठे उल्लेख नाही. वाढीच्या वयात रोज कंबर मागे वाकवणाऱ्या खेळाडूंच्या मणक्याला त्याच त्याच ताणाने बारीक तडा जाऊ शकतो. जिम्नॅस्ट आणि वेगवान गोलंदाज यांच्यात डॉक्टरांना हे नेहमी दिसतं, आणि स्पर्धेसाठी चक्रासन, वृश्चिकासन घोटणाऱ्या मुलीचा मणका काही वेगळ्या हाडाचा नसतो. तुमच्या लेकीला तेच झालंय असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण जी मुलगी दहा-बारा वर्षं पहाटे उठून मॅटवर उभी राहिली, ती एक दिवस सगळं सोडते आणि कारणही सांगते, तर ते कारण आधी खरं धरायचं असतं. ऋषिकेशचं तिकीट काढण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.

आणखी एक खटकलं. चार पानांत तिला काय हवंय याबद्दल एक वाक्य नाही. ‘आम्ही तिला रोज पदकं दाखवतो’ असं तुम्ही लिहिता, आणि ‘पत्राचं तिला सांगू नका’ असंही. पदकं रोज दाखवली की त्यांचा अभिमान वाटेनासा होतो, ताई. बँकेची परीक्षा तरी तिनं निवडली होती का, असा संशय मला आता येतोय.

तुमच्या बेताचा पाया एका समजुतीवर आहे: आसनं इतकी सुंदर येतात, म्हणजे शिकवणं हातचा मळ. हे अजिबात खरं नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये योगासनाला खेळ म्हणून मान्यता दिली. खेळात अवघड आसनाला गुण मिळतात. वर्गात समोर कोण असतं? गुडघे धरलेले निवृत्त पोस्टमास्तर, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या काकू, दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेला तरुण. यांतल्या निम्म्यांना मांडी घालून बसता येत नाही. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवणाऱ्या मुलीला, समोरच्याचे हात नडगीपर्यंतही का पोचत नाहीत, हे मुळात कळतच नाही, कारण तिला ते कधी अडलेलंच नसतं. मग ती म्हणते, ‘अजून थोडं, अजून थोडं,’ आणि मणक्याची चकती घसरलेला माणूस तिथेच वाकून बसतो. अशा माणसाला पुढे वाकवायचं नाही, काचबिंदू असलेल्याला शीर्षासन द्यायचं नाही, रक्तदाब जास्त असेल तर जोरात कपालभाती नाही. शिक्षकाची अर्धी विद्या ही, काय करू द्यायचं नाही ते ओळखण्याची.

प्रशिक्षणात हेच शिकवतात, आणि पदकवाल्या मुली नेमक्या इथे चकित होतात. दिवसभर आसनं असतील या तयारीनं त्या येतात. प्रत्यक्षात पहाटे नाकातून पाणी घालायच्या जलनेतीचा लोटा, एखाद्या सकाळी पाणी पिऊन उलटी काढायची वमनधौती, मग शरीररचना, पातंजल योगसूत्रं, हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ. पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं लिहिलीत, हे कळल्यावर काहींचा चेहरा पाहण्यासारखा होतो. सगळ्यांत घाम फुटतो तो पाठ घेताना. पाठाचं टाचण लिहायचं, वर्गाकडे तोंड करून उभं राहायचं आणि आरशासारखं उलटं दाखवायचं: तोंडानं ‘उजवा पाय’ म्हणताना आपला डावा उचलायचा. पूर्वस्थितीपासून आसन सोडेपर्यंत सूचना तुटता कामा नये, श्वास कुठे घ्यायचा ते त्यातच यायला हवं. पहिल्या पाठाला भले भले आसनात लोकांना अडकवून पुढचं वाक्य विसरतात.

आता तो २५ दिवसांचा कोर्स. असा कोर्स २०० तासांचा असतो; २०० भागिले २५, म्हणजे दिवसाला आठ तास. दुखऱ्या कमरेनं. आणि पत्रकात ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ म्हणून जे नाव छापलंय, ती योग अलायन्स ही अमेरिकेतली खासगी, ना-नफा संस्था. ती शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते, वर्षाला शुल्क घेते. परदेशातले काही स्टुडिओ ही नोंदणी विचारतात, हे खरं. पण ती सरकारी परवाना नाही, आणि तिच्यावर व्हिसा तर मुळीच मिळत नाही. शेजारच्यांची मुलगी जर्मनीत शिकवते असं लिहिलंत. ती तिथे कुठल्या व्हिसावर गेली, हे एकदा विचारून घ्या.

पुढे तिनंच ठरवलं तर वाटा आहेत: आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा, योगशास्त्रातली पदवी-पदव्युत्तर पदवी, आणि प्राध्यापकीसाठी २०१७ पासून योग विषयातली नेट ही पात्रता परीक्षा. त्यासाठी गंगाकिनारीच जायला हवं असंही नाही. १९२४ मध्ये सुरू झालेलं कैवल्यधाम लोणावळ्यात आहे, त्याहून जुनी योग इन्स्टिट्यूट सांताक्रूझला.

‘लग्नानंतर सोयीचं’ हा तुमचा मुद्दा वाचून मला हसू आलं, माफ करा. योगवर्ग भरतात पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर. डबे, चहा, मुलांची शाळा, रात्रीचा स्वयंपाक यांचीही तीच वेळ. घरी दिवाणखान्यात वर्ग घ्यायचा तर सासरच्यांनी सकाळी तो दिवाणखाना रिकामा करून द्यायला हवा. जानेवारीत वर्ग भरतो, पावसाळ्यात गळतो, मे महिन्यात सगळे गावाला जातात, आणि फी मात्र महिन्याच्या महिन्याला मागावी लागते. मनापासून आवडत असेल तर माणूस हे सगळं निभावतो. कुणीतरी सोयीचं म्हणून गळ्यात बांधलं असेल, तर वर्षभरात वर्ग बंद पडतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी डॉक्टर. ते होईपर्यंत घरात पदकांचा, परदेशाचा आणि लग्नाचा विषय बंद. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही आणि तिलाही उत्सुकता वाटली, तर तुमच्या सांगलीतच एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गात तिला तीन महिने मदतनीस म्हणून जाऊ द्या. खुर्च्या मांडायच्या, भिंतीशी उभ्या असलेल्या आजींना आधार द्यायचा. तिथे रमली तर कोर्स तिचा ती शोधेल. नाही रमली, तर बी.कॉम.च्या बळावर काय करता येईल हे मला तिनं विचारावं, तिच्या अक्षरात. तुम्ही मला लिहिलंत हे तिला सांगून टाका. मी लपवणार नाही.

राहिले वीस हजार. पावतीमागची परताव्याची अट वाचा. पैसे परत देत नसतील, तर तारीख पुढे ढकलून मागा, लेखी मागा. तेही नाही म्हणाले, तर पैसे गेले असं समजा आणि तिला घरीच ठेवा.