जिप्सम बोर्डामागे झाकलेली घाई

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आम्ही लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या भिंतींची एक खोली वाढवून घेतली. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असून लांबी भरून रंग दिला तरी ती पुन्हा उमटते. दारही आता चौकटीला घासते. सुतार म्हणतो, लाकूड आहे, एवढे चालायचेच. हे खरे आहे का? – एक वाचक

उत्तर : अर्धे खरे आहे. लाकूड आकसतेच; पण ते आकसणार हे धरून सांगाडा उभा करणे हेच तर सुताराचे काम. भेग नेमकी दाराच्या कोपऱ्यातून निघाली असल्याने माझा पहिला संशय दारावरच्या तुळईवर जातो.

या तुळईच्या दोन्ही टोकांखाली, बाजूच्या पूर्ण उंचीच्या वाशाला चिकटून, तळपट्टीपर्यंत (सांगाड्याच्या तळाच्या आडव्या लाकडापर्यंत) पोहोचणारा एकेक आखूड वासा असावा लागतो, म्हणजे तुळई लाकडावर बसते आणि वरचा भार सरळ खाली उतरतो. घाईत हे आखूड वासे गाळले जातात आणि तुळई बाजूच्या वाशांमधून खिळे मारून नुसती अडकवली जाते. त्या दिवशी ती जराही हलत नाही, आणि फसगत होते ती इथेच. पुढे सगळा भार मोजक्या खिळ्यांवर राहतो, खिळ्यांभोवतीचे तंतू दबत जातात आणि तुळई केसाकेसाने खाली येते. खिळ्यांऐवजी जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू वापरले असतील तर अधिकच वाईट. खिळा निदान वाकतो, हा कडक स्क्रू मात्र फारसा न वाकता तुटतो.

त्यात लाकूड न सुकवलेले असेल, तर भर पडते. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. २०० मिमी रुंदीची ओली तुळई घरातल्या कोरड्या हवेत ५ ते १० मिमी कमी होऊ शकते, आणि शेजारचे उभे वासे मात्र होते तेवढेच राहतात. बोर्ड या दोहोंवर ठोकलेला असतो, म्हणून तो कोपऱ्यात फाटतो.

वायरी किंवा नळ नेण्यासाठी वाशांना पाडलेल्या खाचाही पाहून घ्या. ९० मिमी खोलीच्या (म्हणजे भिंतीच्या जाडीच्या दिशेने ९० मिमी) वाशाच्या कडेला ३० मिमीची खाच पाडली, तर त्या जागी वाकण्याविरुद्धची ताकद निम्म्याहूनही कमी उरते, कारण ती खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तेवढ्याच वायरीसाठी वाशाच्या मध्यावर लहान भोक पाडले असते, तर फारसे बिघडले नसते.

दाराच्या कोपऱ्याजवळचा हातभर बोर्ड कापून आत पाहा. आखूड वासे नसतील, किंवा असूनही तुळई आणि त्यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकत असेल, तर तुळईला तात्पुरते टेकू देऊन घट्ट बसतील असे सुकलेल्या लाकडाचे वासे घालून घ्यावे लागतील. भिंतीवर मजला किंवा छप्पर पेललेले असल्यास हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सुरू करू नये. फट पाचरी ठोकून भागवू देऊ नका. त्या सैल होतात.

तोवर भेगेत लांबी भरू नका. तिच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. दोन-तीन महिन्यांनी भेग रेघेपुढे गेलेली दिसली, तर तुळई अजून उतरते आहे असे धरून चाला.