भावाला स्किझोफ्रेनिया सांगितलाय, पण एमआरआय नॉर्मल आला. मग आजार मेंदूत आहे तरी कुठे?

तुम्ही लिहिलंय की भाऊ तेवीस वर्षांचा आहे, आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणतो. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, एमआरआय मात्र नॉर्मल आला. त्यावर काकांनी ‘काही झालेलं नाही, नाटकं आहेत, लग्न लावून द्या’ असा निकाल देऊन टाकला. वर कुणीतरी लघवीतून मेंदूतली रसायनं मोजायची टेस्ट सुचवलीय. मी पुण्यात एका स्कॅन सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण असाच रिपोर्ट हातात घेऊन बुचकळ्यात पडलेले नातेवाईक कायम बघते, म्हणून लिहिते.

नॉर्मल म्हणजे काय, ते आधी. गाठ नाही, रक्तस्राव नाही, जुना मार नाही, पाणी साठलेलं नाही. सायकियाट्रिस्ट पहिल्यांदा स्कॅन लिहून देतात तो हे सगळं बाजूला काढण्यासाठी. स्किझोफ्रेनिया पकडायला आमच्याकडे कुणी पाठवत नाही, कारण तो दाखवणारं मशीन जगात कुठेच नाही. निदान होतं ते पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून, काही महिने बघून. रिपोर्टच्या जोरावर काकांना काहीच सिद्ध करता येणार नाही.

मग मेंदूचा आजार कशावरून म्हणतात? १९७६ साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो वगैरेंनी १७ जुन्या पेशंटांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या या लोकांत निरोगी माणसांपेक्षा मोठ्या निघाल्या. पुढे एमआरआय आला आणि असे अभ्यास ढिगाने झाले. २०१६ साली ‘एनिग्मा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २,०२८ पेशंट आणि २,५४० निरोगी लोकांचे स्कॅन एकत्र मोजले. सगळ्यात ठळक फरक हिप्पोकॅम्पसमध्ये सापडला, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात. तो पेशंटांमध्ये सरासरीने लहान होता.

‘सरासरीने’ या शब्दावर थांबा. पुरुष बायकांपेक्षा सरासरीने उंच असतात, पण नुसती उंची सांगितली तर तो पुरुष की बाई हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल का? इथे फरक तर त्याहूनही खूप कमी आहे. त्या अभ्यासातला आकडा घेऊन हिशेब केला तर पेशंटांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचा हिप्पोकॅम्पस निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा मोठाच निघेल. आमचे रेडिओलॉजिस्ट एकट्या तुमच्या भावाची फिल्म बघून काय सांगणार? शिवाय वर्षानुवर्षांच्या गोळ्या, वजन, सिगारेट यांचाही मेंदूच्या आकारावर थोडाफार परिणाम होतो, त्यामुळे नेमकं कशामुळे काय झालं हे वेगळं काढणं अवघडच. (हे वाचून गोळ्या बंद करू नका. गोळ्या सोडल्यावर आजार उलटतो, आणि ते नुकसान मोठं असतं.)

दुसरं म्हणजे, आमचं मशीन नेहमीच्या स्कॅनमध्ये साधारण मिलिमीटरभराचा ठिपका बघतं. त्या एका ठिपक्यात हजारो पेशी बसतात. दोन पेशींमधल्या ज्या फटीतून डोपामिनसारखी रसायनं जातात, ती त्या ठिपक्याच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. गडबड तिथे असेल तर फिल्मवर काय दिसणार, कप्पाळ!

डोपामिनचा माग लागला त्यात आपल्याकडच्या सर्पगंधेचा हात आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनमुळे मेंदूतला डोपामिनचा साठा संपतो हे दाखवलं. डोपामिनवरच्या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. आज पेट स्कॅनने (किंचित किरणोत्सारी द्रव टोचून मेंदूतली रसायनं बघणारा स्कॅन) दिसतं की पेशंटांच्या मेंदूत खोलवर स्ट्रायाटम नावाच्या भागात डोपामिन जास्त तयार होतं. हीसुद्धा सरासरीच. आणि नेहमीच्या, डोपामिन अडवणाऱ्या गोळ्या सगळ्याच पेशंटांना लागू पडतात असंही नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे डोपामिनच्या रिसेप्टरला (पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागेला) थेट हात न लावता काम करणारं औषध आहे, म्हणजे कथा डोपामिनवर संपत नाही.

काकांना ‘नाटकं’ या शब्दाचं उत्तर द्यायचं असेल तर एक छोटा अभ्यास सांगा. १९९९ साली जर्मनीत तीन पेशंटांना फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) झोपवून आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. बटण दाबलेल्या वेळात त्यांच्या मेंदूतला, कानावर पडलेला आवाज जिथे पहिल्यांदा पोचतो तो भाग जागा झालेला दिसला. बाहेर कुणी बोलत नव्हतं. तीनच माणसं होती हे खरं, पण मला स्वतःला तो अभ्यास वाचल्यापासून कामात फरक करावासा वाटला. भास होणाऱ्या पेशंटला आत घेताना मी करदोटा, ताईत, चेन काढून घेते, हातात बेलचा रबरी फुगा देते आणि सांगते, “ठकठक होईल ती मशीनची. हेडफोनमधून बाईचा आवाज येईल तो माझा, आणि बोलायच्या आधी मी प्रत्येक वेळी तुमचं नाव घेईन.” बरेच जण यानंतर निवांत पडून राहतात.

जीन टेस्टचं विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी तीही सुचवेलच. २०२२ साली ७६,७५५ पेशंटांच्या अभ्यासात जनुकांमधल्या २८७ जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या जागेचा परिणाम अगदी किरकोळ. ते पेशंट मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे होते, त्यामुळे त्यावर बेतलेला ‘रिस्क स्कोअर’ आपल्या माणसांना लावणं मला पटत नाही. एकाच्या अंगात जे जनुक तेच दुसऱ्याच्या, अशा जुळ्यांतही एकाला आजार असला तरी दुसऱ्याला तो निम्म्याहून जास्त वेळा होत नाही.

लघवीची टेस्ट करू नका. लघवीतलं डोपामिन बहुतांशी मूत्रपिंडातच बनतं. मेंदूचा हिशेब त्यातून लागत नाही, फक्त पैसे जातात.

एक तपासणी मात्र कधीकधी खरंच लागते. हे सगळं अवघ्या काही दिवसांत सुरू झालं असेल, सोबत ताप, फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा मधूनच शुद्ध हरपणं असेल, तर न्यूरोलॉजिस्टना लगेच दाखवा. २००७ साली वर्णन झालेल्या एका आजारात शरीरातल्या अँटिबॉडीज मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करतात. एमआरआय त्यातही अनेकदा नॉर्मल असतो. पाठीतलं पाणी काढून तपासतात आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. तुम्ही लिहिलंय की भावाचं दीड वर्षापासून हळूहळू बिघडत गेलं, तेव्हा ते असण्याची शक्यता कमी, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल कुणी सुचवल्या तर तेही आपल्या पुण्याचंच. भारती विद्यापीठाच्या ‘इर्शा’ संस्थेतले प्रभाकर रांजेकर आणि अमेरिकेतले साहेबराव महाडिक यांच्या गटाने २००३ साली ओमेगा-३ आणि जीवनसत्त्वं देऊन सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. नंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. डॉक्टरांना सांगून द्या, पण गोळ्यांच्या जागी नको.

पुढच्या भेटीत फिल्मपेक्षा एक वही जास्त कामाची: झोप किती, आवाज कधी वाढतात, कुठली गोळी किती आठवडे घेतली. दोन वेगवेगळ्या औषधांनी, पुरेसा वेळ देऊनही, फरक पडला नाही तर क्लोझापिनचं, म्हणजे इतर गोळ्या लागू न पडणाऱ्यांसाठीच्या औषधाचं, स्वतःहून विचारा. त्यात पांढऱ्या पेशी नियमित मोजाव्या लागतात म्हणून अनेकदा ते सुचवलंच जात नाही. लग्नाचा विषय सध्या बंद ठेवा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे घरच्यांचे स्वमदत गट चालतात. जाल तेव्हा काकांनाही बरोबर न्या.