'समावेश' लिहावं का 'सामावून घेणं'?

ताई, तुम्ही विचारलं की शेतकरी उत्पादक कंपनीच्या धोरणात डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजनसाठी "विविधता आणि समावेश" चालते का, आणि त्याखालचं "व्यावसायिक मूल्य" कोणाले समजत नाही त्याचं काय करावं.

विविधता राहू द्या, शाळेपासून ओळखीचा शब्द आहे. घोटाळा समावेशात आहे, कारण आपल्याकडे समावेश होते तो यादीत. "संचालक मंडळात दोन बायांचा समावेश" असं छापून येते, त्या दोघी सह्या करून घरी जातात, तरी वाक्य मराठी म्हणून बरोबरच! सामावून घेणं जरा बरं, पण त्यात घेणारा मोठा आन बाकीचे त्याच्या उपकारात असा वास येते मला तरी. मी सरळ "विचारून काम करणं" लिहीन.

मूल्य तं काढाच, लोक नीतिमूल्य समजतात. "धंद्याले काय फायदा" म्हणा आणि कापसाचंच उदाहरण द्या. खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जाते, १२ च्या वर तं माल घेतच नाही. आता वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून बाया दवातच पऱ्हाटीत उतरतात, ओला कापूस वजनाले जास्त भरते ना. हे त्यायले पक्कं माहीत असते, पण वेचणीचा दर ठरवताना बैठकीत त्यायच्यातलं कोणी नसते आणि मग ओलाव्याच्या मीटरवर आकडा आला की सारे कापूस तपासणाऱ्या ग्रेडरवर चिडतात.

अजून एक, "विविधतेमुळे नफा वाढतो" यातलं "मुळे" जपून वापरा. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१५ च्या अहवालात एवढंच होतं की ज्या कंपन्यांच्या वरच्या फळीत बाया जास्त, त्यायचा नफा सरासरीच्या वर असण्याची शक्यता १५ टक्के जास्त, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या. २०२४ मध्ये ग्रीन आणि हँड या दोन अभ्यासकांनी अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या मोठ्या कंपन्यांच्या यादीतल्या कंपन्या घेऊन मॅकिन्झीचे वरच्या फळीतल्या वांशिक विविधतेबद्दलचे तसेच निष्कर्ष तपासले (बायांबद्दलचे नाही), त्यायले नफ्याशी तसा संबंध सापडला नाही. तुमची ओलाव्याची गोष्ट त्यापेक्षा पक्की आहे, तेच लिहा.

आणि दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तं लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याची समिती लागतेच, तिथं मात्र मनचा शब्द नको. बरेच जण अजून "अंतर्गत तक्रार समिती" लिहितात, २०१६ च्या दुरुस्तीत "तक्रार" निघालं, आता नुसतं "अंतर्गत समिती".