दोघे एकाच गाडीत होतो, मग त्रास मलाच का?

"मॅडम, गाडी एक, धडक एक. धाकटा भाऊ पंधरा दिवसांत कामाला लागला आणि मी अजून ब्रेकचा आवाज आला की घामाघूम होतो. मी एवढा कच्चा कसा?"

अपघाताला पाच महिने झाल्यावर हे गृहस्थ माझ्याकडे उपचारासाठी आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रात्री तेच स्वप्न, गाडीत बसणं बंद, घरच्यांवर चिडचिड. बोलताना त्यांचा उजवा पाय मधूनमधून जमिनीवर दाबला जायचा, जणू ब्रेकवरच. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सुरुवातीचे काही आठवडे असा त्रास बहुतेकांना होतो आणि तो हळूहळू ओसरतो. महिना उलटूनही तो टिकला आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी भीषण प्रसंग येतो, त्यातल्या ५.६ टक्के लोकांनाच पुढे पीटीएसडी होतो. म्हणजे धाकट्याचं सावरणं ही काही अचाट मर्दुमकी नव्हती. बहुतेकांचं तसंच होतं.

मग थोरल्यांचं का अडलं? व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे जुळे भाऊ यांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तीव्र पीटीएसडी असलेल्या सैनिकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित भाग) लहान आढळला, आणि घरी राहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही. काही गोष्टी आपण घेऊनच जन्मतो. त्याला कच्चेपणा म्हणणं मला पटत नाही. पण यांच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते अपघाताच्या वेळी आणि त्यानंतर काय घडलं ते.

पुढच्या एका भेटीला मी दोघांना एकत्र बोलावलं. धाकट्याला धडकेनंतरचं आठवतच नव्हतं. शुद्ध आली ती थेट हॉस्पिटलात. थोरले मात्र पूर्ण शुद्धीत, पाय अडकलेला, शेजारी भाऊ निपचित. "मला वाटलं, हा गेला," ते म्हणाले. धाकटा हे पहिल्यांदाच ऐकत होता. घरात सगळे त्याच्याभोवती. तो सगळ्यांना सगळं सांगायचा, रडायचा. थोरल्यांना मात्र "तू धड आहेस ना, मग विसर आता" एवढंच. आघातानंतर माणसांचा आधार न मिळणं ही पीटीएसडीचा धोका वाढवणाऱ्या मोठ्या गोष्टींपैकी एक आहे. त्यात गाडी टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण धोका टळलाय हे मेंदूला कळायची संधीच मिळत नाही. गाडी एकच होती हो, पण अपघात दोघांचे वेगळे होते.

आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी मानसोपचाराची पद्धत) सुरू केली: प्रसंग पुन्हापुन्हा सविस्तर सांगणं, "मीच चालवत होतो, म्हणजे माझीच चूक" हा विचार तपासणं, आणि टप्प्याटप्प्याने गाडीत बसणं. आधी बंद गाडीत, मग भाऊ चालवत असताना शेजारी. आता स्वप्नं कमी झाली आहेत. दिवसा ते स्वतः गाडी चालवतात. रात्रीचं ड्रायव्हिंग अजून बाकी आहे.